बुधवारची कोंबडी

आठवड्याला वार सात असले, तरी मांसाहारी मराठी स्वयंपाकघरात त्यातले तीनच मोकळे असतात. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यात बुधवारी संकष्टी आली की दोनच. रविवारचं कौतुक भरपूर झालंय. मटणाच्या दुकानापुढची रांग, पाट्यावरच्या वाटणाच्या आठवणी, दुपारची झोप, सगळं लिहून झालंय. बुधवारी रात्री साडेसातला लोकलमधून उतरून, खांद्याला डब्याची पिशवी आणि हातात काळ्या पिशवीतली अर्धा किलो कोंबडी घेऊन रिक्षाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल मात्र कोणी हळवं होत नाही. बरंच आहे. तिलाही तेव्हा हळवेपणाला वेळ नसतो. साडेआठला मुलं "झालं का?" म्हणत ओट्याशी घुटमळायला लागतात आणि नऊला पानं घ्यायची असतात.

अशा रात्री कुकरला पर्याय नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या घरांतून कुकरमधली कोंबडी सर्रास जास्त शिजवली जाते. "किती शिट्ट्या घेतेस?" असं ओळखीच्या कोणालाही विचारून बघा. चार म्हणतील, पाच म्हणतील, एखादी सहाही सांगेल. हा आकडा बहुधा आईकडून आलेला असतो आणि आईच्या काळी तो अगदी बरोबर होता. मधल्या काळात कोंबडी बदलली. शिट्ट्या तेवढ्याच राहिल्या.

आईची कोंबडी गावठी होती. अंगणात, उकिरड्यावर दाणे टिपत, मांजराला चुकवत वाढलेली. सव्वा-दीड किलोची व्हायला तिला सहा-आठ महिने लागायचे. दिवसभर धावणाऱ्या पायांच्या स्नायूंत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं आणि वय वाढेल तसे त्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंतत जातात. ओल्या उष्णतेत ते हळूहळू सुटतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेल्या रश्शाची सकाळी थरथरती जेली झालेली दिसते, ती याच्यामुळे. पातेल्यात या कामाला दीड-दोन तास जायचे. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं आणि तेच काम अर्ध्या तासात उरकतं. त्या कोंबडीला पाच-सहा शिट्ट्या हव्याच होत्या. आजही कोणी गावाकडून खरी गावठी पाठवली, दुकानातून अंडी द्यायची बंद झालेली लेयर आणली, किंवा हौसेनं कडकनाथ घेतली, तर खुशाल तेवढ्या घ्या. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून शहरात तिचं नाव बरंच झालंय. पण पैसे मोजून आणलेली ती काळी कोंबडी दोन शिट्ट्यांत उतरवून "चिवट आहे बुवा" म्हणणारेही मला माहीत आहेत.

दुकानात आपण "बॉयलर" म्हणून मागतो ती कोंबडी मात्र पाच-सहा आठवड्यांची असते आणि तेवढ्यात ती दोन किलोच्या आसपास भरते. तिला ना धावायला जागा मिळाली, ना म्हातारं व्हायला सवड. सोडवावं असं कोलॅजन तिच्यात फारसं नसतंच. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या शिट्टीला कुकरमध्ये दुसरंच काहीतरी चाललेलं असतं. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे मांसाचे धागे आकसायला लागतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. जितकी आच, जितका वेळ, तितकं मांस कोरडं. पायाचा भाग जरा तग धरतो. छातीच्या तुकड्यांचा चोथा होतो. दातांत अडकणाऱ्या दोऱ्या उरतात आणि चव सगळी रश्शात उतरलेली असते. मग जेवता जेवता घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "या बॉयलरला चवच नाही." अर्धा आरोप खरा आहे. उरलेला अर्धा शिट्ट्यांच्या खात्यावर जायला हवा.

गंमत म्हणजे हे भांडं निघालं तेच मुळी हाडांसाठी. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनला हे कोंडलेल्या वाफेचं पात्र करून दाखवलं. १६८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हाडं मऊ करणाऱ्या यंत्राचा उल्लेख आहे. पुढच्या वर्षी त्यानं रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण घातलं. इंग्रज लेखक जॉन एव्हलिन तिथे होता आणि गाईबैलांची कडक हाडंसुद्धा कशी चीजसारखी मऊ झाली होती, याची नोंद त्यानं रोजनिशीत करून ठेवली. दाब फार वाढला तर वाफ आपोआप बाहेर पडावी म्हणून वजन लावलेली झडप पापँनंच बसवली. आपल्या कुकरची शिट्टी त्याच कल्पनेवर वाजते. म्हणजे बैलाच्या हाडांसाठी काढलेलं यंत्र आपण सहा आठवड्यांच्या पाखरावर चालवतो, आणि वर पाच शिट्ट्या मोजतो!

आणि शिट्टी हे मोजमाप तरी कुठलं? गॅस मोठा असेल तर दोन मिनिटांत तीन होतात, बारीक असेल तर पाच मिनिटांत एकही नाही. तीन लिटरच्या कुकरची पहिली शिट्टी आणि पाच लिटरच्या कुकरची पहिली शिट्टी यांत आतल्या शिजण्याचा फरक असतो. पाणी जास्त घातलं की ती उशिरा येते. मुंबईतल्या हॉकिन्स कंपनीची स्थापना १९५९ सालची, आणि त्याच सुमाराला प्रेस्टीजचे कुकरही आपल्याकडे तयार व्हायला लागले. तेव्हापासून कुकरच्या खोक्यात एक पुस्तिका येते. पूर्ण दाब आल्यावर आच कमी करा आणि तिथून मिनिटं मोजा, असं ती सांगते. आपण ती पुस्तिका वॉरंटी कार्डासकट कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो आणि शिट्ट्या मोजतो. दिवाणखान्यातून, टीव्हीच्या आवाजात.

माझी पद्धत अशी. दुकानात करी कट सांगायचा, पण तुकडे मोठे. दुकानदार विचारतो, "ताई, बारीक करू?" नको म्हणायचं. बारीक तुकडे लवकर सुकतात आणि हाडांच्या किरच्या रश्शात येतात, त्या मुलांच्या घशाशी. बोनलेस कुकरला आणूच नये. ते तव्यावर दहा मिनिटांत होतं, त्यासाठी कुकर कशाला घासायचा? घरी आल्या आल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी म्हटलं तरी चालेल, कोंबडी धुऊन मीठ, हळद आणि आलं-लसणाचं वाटण चोळून ठेवायची. कांदा होईपर्यंत जी वीसेक मिनिटं मिळतात तेवढं मुरणं पुरतं.

कांद्यावर घाई करू नका. कुकरमध्येच तीन चमचे तेल, दोन मोठे कांदे बारीक चिरून, चिमूटभर मीठ, मोठी आच. चांगला तांबूस होईपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत. झाकण लागल्यावर आत सगळा ओला कारभार असतो. तिथे कांदा मऊ होईल, पण खमंग होणार नाही. खमंगपणा जो काय मिळवायचा तो झाकणाच्या आधी. "सगळं एकदम घाला आणि झाकण लावा" छापाच्या कृतींमधला रस्सा आजारी माणसाच्या सूपसारखा लागतो, त्याचं कारण हेच.

सुकं खोबरं भाजणं आणि वाटणं हे बुधवारचं काम नव्हे. रविवारी वाटण करतानाच दुप्पट करायचं. उभा कांदा, सुकं खोबरं, थोडे तीळ, खसखस, सगळं नीट काळपट भाजून, कमीत कमी पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं. बुधवारी त्यातल्या चार वड्या थेट कांद्यावर. मसाल्याबद्दल मी सल्ला देत नाही, त्यावरून घरं फुटतात. माझं माहेर कराडचं, त्यामुळे बरणी कांदा-लसूण मसाल्याची. सासूबाई मालवणच्या. पहिल्यांदा ती बरणी कोंबडीवर रिकामी होताना पाहून त्या म्हणाल्या होत्या, "मिसळ करतस काय गो?" आता बुधवार माझा आणि शुक्रवार त्यांचा, अशी वाटणी आहे.

मसाला तेलात परतून त्यात कोंबडी घालायची आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतायची. ती स्वतःच पाणी सोडते, हे बघून ठेवा, कारण पुढची बहुतेकांची चूक पाण्याची असते. पातेल्यात दोन वाट्या लागतं, त्यातलं अर्धं तासाभरात उडून जातं. कुकरमधून फारसं काही उडत नाही. अर्धी वाटी गरम पाणी, रस्सा हवा असेल तर एक. ते घातल्यावर तळ उलथन्यानं खरवडून घ्यायचा. चिकटलेला मसाला सुटतो, चव वाढते आणि खाली लागत नाही. बटाट्याच्या चार फोडी याच वेळी टाकायच्या. बटाट्याशिवाय कोंबडीचा रस्सा हॉटेलात असतो, घरात नाही. आणि शेवटची फोड कोणाची यावरून आमच्याकडे कोंबडीपेक्षा जास्त भांडण होतं.

आता झाकण. मध्यम आचेवर एक शिट्टी. मग गॅस अगदी बारीक करून चार मिनिटं. मग बंद. आणि मग, हे सगळ्यात कठीण, कुकरला हात लावायचा नाही. शिट्टी चमच्यानं उचलून वाफ सोडली की आतला दाब एकदम पडतो, रस खळखळून उकळतो आणि मांस तिथल्या तिथे दोरीसारखं होतं. फरशीवर तांबड्या रश्शाचा फवारा उडतो तो वेगळाच. आठ-दहा मिनिटांत झाकण आपोआप सैल होतं. तेवढ्या वेळात कोंबडी आतल्या आत शिजत असतेच, ती मिनिटं हिशेबात धरलेली आहेत. तेवढ्यात भाकरी होतात. नाहीतर खालच्या बेकरीतले पाव गरम करायचे. खाली एवढा रस्सा असताना पावाला कोणी नाव ठेवू नये.

नारळाचं दूध घालायचं असेल तर झाकण उघडल्यावर, मंद आचेवर, दोन मिनिटं. दाबाखाली ते फुटतं. दह्याचंही तसंच. कोकम किंवा टोमॅटो मात्र आधी चालतो.

वेळ वाचवायला कोंबडीवर जाळी ठेवून भाताचा डबाही त्याच कुकरमध्ये लावणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या. कल्पना चांगली, पण गैरसोय अशी की भाताला तीन शिट्ट्या लागतात आणि खाली कोंबडी भाताची शिक्षा भोगते. करायचंच असेल तर तांदूळ अर्धा तास भिजवून, डब्यात उकळतं पाणी घालून, उथळ डब्यात लावा. मग कोंबडीच्या वेळातच भात होतो. तेवढं लक्षात राहणार नसेल तर भात वेगळ्या पातेल्यात, गॅसला दुसरी शेगडी असते.

एक गोष्ट भीतीची म्हणून नाही, सवयीची म्हणून सांगते. खोबऱ्याचं वाटण असलेला रस्सा असला की झाकण लावण्याआधी शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून बघायचं. आरपार दिसलं पाहिजे. खोबऱ्याचा एखादा कण तिथे बसला की वाफ अडते. मग काम सेफ्टी व्हॉल्व्हवर येतं. तो वितळून वाफ सोडतो, तेव्हा जीव वाचतो पण जेवण छतावर जातं. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, हेही त्यातच आलं.

अर्धा किलोच आणायची, याचंही कारण वारातच आहे. दुसऱ्या दिवशी गुरुवार. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये राहिला तर सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त फ्रिज उघडायचं टाळतात. म्हणून भांडं रात्रीच रिकामं व्हायला हवं. आणि गुरुवारी सकाळी त्याच कुकरला वरण-भात लावायचा असतो. कुकर घासला की वास जातो, पण झाकणाच्या रबरी रिंगमधून तो जात नाही. लिंबू लावा, उन्हात ठेवा, वरणाला कोंबडीची याद येतेच. नॉनव्हेजसाठी वेगळा कुकर ठेवणारी घरं आहेत, पण आमच्या ओट्याखाली तेवढी जागा नाही. मी दुसरी रिंग आणली. कुकरच्या मापाची, भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळते, कंपनीचं नाव आणि लिटर सांगायचे. बुधवार-शुक्रवारची रिंग खिडकीच्या खिळ्याला, बाकीच्या दिवसांची झाकणात. त्या निमित्तानं रिंगा बदलल्याही जातात; नाहीतर कडक झालेल्या रिंगमधून बाजूनं वाफ जात राहते, शिट्टी येत नाही, पाणी आटतं आणि खाली करपतं.