लोकरेटा आणि त्याची जबाबदारी

२८ जून २००७ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये स्थलांतर सुधारणा विधेयक बारगळले. चर्चा आटोपून पुढे जाण्यासाठी ६० मते हवी होती. मिळाली ४६, विरोधात ५३. राष्ट्राध्यक्ष बुश, डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन जॉन मॅकेन विधेयकाच्या बाजूने असूनही हे घडले. रेडिओवरच्या चर्चांनी पेटलेल्या सामान्य मतदारांनी फोन आणि फॅक्सचा असा मारा केला, की मतदानाच्या दिवशी सिनेटची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली. तात्पुरत्या परवान्यावर येणाऱ्या ‘पाहुण्या कामगारां’च्या तरतुदीमुळे अनेक कामगार संघटनाही नाराज होत्या.

लोकप्रतिनिधींना जाब विचारण्याचा हा हक्क अमूल्य आहे. पण कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे सव्वा कोटी माणसांचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो फक्त पुढे ढकलला गेला. ग्रीन कार्डावरची, म्हणजे अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या परवान्यांवरची, देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादाही कायम आहे. तिथल्या असंख्य मराठी कुटुंबांचे आयुष्य त्या मर्यादेमुळे लांबलेल्या रांगेत अडकले आहे.

विधेयक पाडणे हा लोकशाहीचा अर्धाच भाग आहे. नकार देणाऱ्यांनी पर्यायही मांडला पाहिजे. वाचकहो, आपल्याकडच्या प्रत्येक आंदोलनालाही हीच कसोटी लावा.