देवाच्या नावाने लिलाव?

जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तेथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यात बोली 2 कोटींच्या पुढे गेली. निमित्त मात्र मंदिराच्या बांधकामाचे! मतदाराचा हक्क विकून आलेला पैसा देवाला वाहिल्याने शुद्ध होतो काय?

चाकणच्या उद्योगपट्ट्यातील गावांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारावा. महाळुंगे, निघोजे, कुरुळी यांसारख्या गावांत कारखान्यांचा कर ग्रामपंचायतीकडे येतो. जेथे तिजोरी मोठी, तेथे मोहही मोठा.

आयोगाने मतदानापूर्वीच हस्तक्षेप केला, हे योग्यच झाले. निकालानंतर मात्र राज्यघटनेच्या 243-ओ कलमानुसार निवडणूक याचिका हाच मार्ग उरतो. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 15 हा अधिकार केवळ पराभूत उमेदवाराला नव्हे, तर गावातील कोणत्याही मतदाराला देते. मुदत निकालापासून अवघ्या 15 दिवसांची! पारावर वर्षभर हळहळणाऱ्या गावाला सोळाव्या दिवशी हे दार बंद झालेले आढळते.

दुसरीकडे, याचिका रेंगाळली तर पाच वर्षांचा कार्यकाळ संपतो आणि निकालाला अर्थच उरत नाही. नागरिकाला पंधरा दिवसांची शिस्त लावणाऱ्या व्यवस्थेने स्वतःलाही कालमर्यादा घालून घ्यावी. आणि ‘बिनविरोध’चा गुलाल उधळण्यापूर्वी गावाने विचारावे : हे एकमत आहे, की सौदा?