पाहुणा येतो तो शेतीमुळे

क्यूबा बेटाच्या पश्चिमेस, पिनार देल रिओ प्रांतात, विन्यालेस हे शेतकऱ्यांचे लहानसे, शांत गाव आहे. चुनखडीच्या उभ्या डोंगरांमधील तांबड्या मातीत तेथे आजही बैलांच्या नांगराने मशागत करून तंबाखू लावतात व झावळ्यांनी शाकारलेल्या उंच कोठारांत त्याची पाने टांगून सुकवितात. ही परंपरा जिवंत असल्यामुळेच युनेस्कोने १९९९ साली या खोऱ्यास जागतिक वारशाचे स्थान दिले.

पाहुण्यांस घरातील खोल्या भाड्याने देणे हा तेथील जोडधंदा होय. त्यात पैसा लवकर मिळतो. म्हणून तरुणांचे मन शेतातून उठणे स्वाभाविक आहे. परंतु २०२० च्या महामारीत प्रवास थांबला, तेव्हा खोल्या ओस पडल्या. जमीन मात्र जागच्या जागी राहिली. २०२२ च्या सप्टेंबरात इयान चक्रीवादळाने या प्रांतातील असंख्य कोठारे पाडली. अशा वेळी खोली सजविण्याआधी कोठार उभारणे हेच शहाणपणाचे.

आपल्याकडे कृषिपर्यटनाचा सल्ला देणाऱ्या ग्रामसेवकांनीही हे ध्यानी घ्यावे. जोडधंद्याने शेतीस हातभार लावावा, तिची जागा घेऊ नये. शेत पडीक राहिले, तर पाहुण्याने यावे तरी कशासाठी?