धाकट्याचा प्रश्न

नंदाखालच्या शाळेत आपली मुले ख्रिस्ती मुलांच्या शेजारी बसतात. ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार त्यांना ठाऊक असतो. पण येशूचे ते शेवटचे भोजन ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतले होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

हा सण मराठीलाही परका नाही. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. वल्हांडणाची त्यांची मराठी पोथी पुण्यात १८७४ साली छापली गेली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बाया सणाची भाकर करताना दिसतात.

कथा गुलामांची आहे. मिसर देशात वेठीला जुंपलेले लोक मोशेबरोबर निघाले. घाई इतकी, की पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून सणात बिनखमिराची भाकर असते. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत ती भाजून व्हावी, असा नियम आहे.

पालकांनो, बालवर्गाच्या ताईंनो, हा धडा फळ्यावर लिहून देऊ नका. पीठ आणि घड्याळ पुढे ठेवा. मुलांनी मळावे, लाटावे, मोठ्यांनी भाजावे आणि १८ मिनिटे मोजावीत. कारल्याची चकती चाखवून गुलामीचा कडवटपणा सांगा, मीठपाण्याने अश्रू समजवा. भाकरीचा एक तुकडा लपवा, मुले शोधतील. हा पूजाविधी नव्हे, इतिहासाचा पाठ आहे, हेही स्पष्ट सांगा.

शेवटी कोकम सरबताचा पेला घ्या. मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावे घेताना ज्यू कुटुंबे पेल्यातून दहा थेंब बाजूला काढतात. शत्रूच्या दुःखाने आपला आनंद तेवढा उणा झाला, असा अर्थ पुष्कळजण सांगतात. सूड न शिकवता मुक्ती शिकवणे हेच.

त्या रात्री पहिला प्रश्न घरातले सर्वांत धाकटे मूल विचारते, 'आजची रात्र वेगळी का?' आणि मोठ्यांना उत्तर द्यावेच लागते. त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. आपल्या घरात त्या दिवशी धाकटे काही विचारते का? 'गप्प बस, मोठा झाल्यावर कळेल' असे आम्ही घरोघरी ऐकतो. मूल एकदा गप्प बसले, की पुन्हा विचारत नाही. गुलामीची आठवण पुतळ्याने टिकत नाही, ती मुलाच्या प्रश्नाने टिकते. म्हणून त्याला विचारू द्या आणि उत्तर तयार ठेवा.