कचरा समुद्रात, उगम स्वयंपाकघरात

पहाटे जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी भूमातेची क्षमा मागण्याचा प्रघात आपल्या अनेक घरांत अद्याप टिकून आहे. त्या प्रार्थनेत समुद्राला तिचे वस्त्र मानले आहे. हे वस्त्र आज कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावयाचे असेल, तर पावसाळ्यातील मोठ्या भरतीनंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर अथवा दादरच्या चौपाटीवर जावे. नगराने वर्षभर नाल्यांत सोडलेल्या पिशव्या, वेष्टने आणि बाटल्या समुद्र त्या दिवशी साभार परत करीत असतो.

समुद्रातील प्लॅस्टिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जहाजे आणि चौपाटीवरील बेशिस्त पर्यटक येतात. वास्तव अधिक अप्रिय आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१० या एकाच वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक भूमीवरून समुद्रात गेले. २०२१ मधील दुसऱ्या अभ्यासाने दाखवून दिले की, त्याला समुद्रापर्यंत पोहोचविण्यात महानद्यांपेक्षा शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. आपली मिठी नदी हे त्याचे चालते-वाहते उदाहरण. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून जेमतेम १८ किलोमीटरांत ती माहीमच्या खाडीला मिळते. या अंतरात तिचे जे होते ते सर्वांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तुंबलेल्या गटारांत काय अडकले होते हेही आपण विसरलेलो नाही.

कायदा झाला नाही असे नव्हे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही भाजीबाजारात पातळ पिशवी मिळतेच. अधिकाऱ्यांच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी हे पाहावे की, भाजीवाला ती पिशवी हौसेने देत नाही. आपण रिकाम्या हाताने जातो, म्हणून तो देतो.

मग गृहस्थाने करावे काय? माझ्या मते घरात यावयाच्या प्रत्येक वस्तूला एक साधी कसोटी लावावी : हे वेष्टन भंगारवाला घेईल का? पाण्याची बाटली, तेलाचा डबा, दुधाची धुऊन वाळविलेली पिशवी यांना किंमत आहे; म्हणून त्या कचऱ्यातून वेचल्या जातात. शाम्पूची पुडी, वेफर्सचे चकचकीत पाकीट, गुटख्याची पुडी यांत अनेक थर एकमेकांस चिकटविलेले असतात. त्यांचे काही करणे परवडत नसल्याने त्यांना कोणी हात लावीत नाही, आणि ज्याला कोणी हात लावीत नाही ते वाऱ्यापावसाबरोबर नाल्यात जाते. दहा पुड्यांऐवजी एक बाटली घेणे, वेफर्स ओळखीच्या दुकानातून घरच्या डब्यात आणणे, घाण्याचे तेल आपल्याच किटलीत भरून घेणे, एवढ्याने घरातील निरुपयोगी कचरा किती उतरतो हे महिनाभर करून पाहण्याजोगे आहे.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. आपण सकाळी कात्रीने तिचा कोपरा संपूर्ण कापून टाकतो. पिशवी रद्दीवाल्याकडे जाते. तो नखाएवढा त्रिकोण मात्र मोरीतून किंवा केराबरोबर बाहेर पडतो, आणि कोणाही कचरावेचकाच्या हाती तो लागत नाही. कोपऱ्याला केवळ चीर द्यावी, तुकडा पिशवीलाच लोंबकळत राहू द्यावा. खर्च शून्य, श्रम शून्य. एका घरातून वर्षाकाठी असे किती त्रिकोण निघतात, हे ज्याने त्याने मोजावे.

'कागदी' म्हणून मिळणाऱ्या चहाच्या पेल्यांविषयीही सावध असावे. त्यांना आतून बहुधा प्लॅस्टिकचाच पातळ लेप असतो. मंडळाच्या कार्यक्रमाला स्टीलचे पेले आणि ते विसळणारे चार हात, हा जुनाच मार्ग बरा.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाईस प्रारंभ केला आणि मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. हे कार्य वंदनीयच आहे. परंतु किनारा झाडणारे हात कितीही वाढले, तरी वरून नाला वाहतोच आहे. त्याची झळ प्रथम कोळी बांधवांना बसते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या डोल जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात, आणि त्या वेगळ्या काढण्यात त्यांचा वेळ जातो.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. खाडीपुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी कठड्यावरून सोडणारा मनुष्य अश्रद्ध नसतो, किंबहुना निर्माल्य पायदळी येऊ नये हीच त्याची भावना असते. पण फुले काही दिवसांत कुजून जातात. पिशवी तुकडे होत होत शतकानुशतके राहते, आणि देवाला वाहिलेल्या फुलांबरोबर ती माशाच्या पोटात जाते. निर्माल्य कलशात टाकावे किंवा कुंडीतील मातीत मिसळावे, पिशवी घरी परत आणावी. त्याहून बरे म्हणजे हार घेतानाच तो पानात बांधून मागावा. अनेक फुलवाल्यांकडे केळीची किंवा पळसाची पाने अजून असतात.