कायद्याने साहित्य, व्यवहारात रद्दी

भारतीय कॉपीराइट कायद्यातली 'साहित्यकृती'ची व्याख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी एकदा नजरेखालून घालावी. १९५७ च्या या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचे प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये जाऊन बसले. कवितासंग्रह, कादंबरी आणि मोबाइलवर माकड उड्या मारत नारळ गोळा करते त्या गेमचा सोर्स कोड, तिघेही कायद्याच्या लेखी एका पंगतीत. संरक्षणही तेवढेच, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.

पंगतीबद्दल माझी तक्रार नाही. वीस वर्षे कोड लिहून पोट भरणाऱ्याची असणार तरी कशी? तक्रार पुढची आहे. पुस्तक छापले की १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने त्याच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात. किती प्रकाशक पाठवतात हे विचारू नये, पण निदान कायद्याला तरी वाटते की पुस्तक कुठेतरी उरले पाहिजे. कोडबद्दल तसे कुणालाच वाटत नाही. नोंदणी ऐच्छिक. ज्याला हौस असेल त्याने २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे सोर्स कोडची निदान पहिली १० आणि शेवटची १० पाने अर्जासोबत जोडायची, की झाले. कादंबरीची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने ठेवून घेतली आणि मधली नसली तरी चालेल असे कुणी म्हणाले, तर आपण निषेधाची पत्रके काढू.

याहून गमतीचे कलम पुढे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी एखादी कृती डिजिटल स्वरूपात साठवण्याची मुभा दिली. अट एवढीच की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. जो मजकूर जन्मल्यापासून कागदाला शिवलाच नाही, त्याचे या मुभेत काय होणार? आधी तो छापून, शिवून, कपाटात ठेवावा लागेल. मालकी सांगायची तेव्हा साहित्य आणि सांभाळायची वेळ आली की कंपनीचा खाजगी माल, असा हा सरळसरळ दुटप्पीपणा आहे.

याहून बरी व्यवस्था चाळीस वर्षांपूर्वी, कायद्याशिवाय आणि पगाराशिवाय, चालून गेली आहे. १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी यूझनेट सुरू केले. एका संगणकाने रात्री दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेले लेखन द्यायचे-घ्यायचे, दुसऱ्याने ते तिसऱ्याकडे पोचवायचे. विषयवार गट होते, त्यांना न्यूजग्रुप म्हणत. बहुतेक गटांत कुणीही काहीही लिही. पण काही गटांत लेखन आधी मॉडरेटरकडे जाई आणि त्याने पसंत केले तरच प्रसिद्ध होई. १९८७ पासूनचा 'कॉम्प डॉट सोर्सेस डॉट गेम्स' हा त्यातला एक. तिथे गप्पा चालत नसत. फक्त खेळांचे कोड येत, आणि चुका-तक्रारींसाठी शेजारी निराळा गट होता.

मॉडरेटर हा शब्द आज ऐकला की शिव्या पुसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथला मॉडरेटर संपादक होता. आलेल्या कोडच्या फायली पुऱ्या आहेत का, बांधणीच्या सूचना सोबत आहेत का, हे तो पाही. मग त्यावर खंड आणि अंक यांचे क्रमांक घाली, अगदी आपल्या नियतकालिकांसारखे. वाटेतल्या कित्येक यंत्रांना ६४ किलोबाइटपेक्षा मोठा लेख गिळता येत नसे, म्हणून मोठा खेळ तुकड्यांत पाडून प्रत्येक तुकड्यावर 'इतक्यांपैकी हा कितवा' हे लिही. लेखकाकडून दुरुस्ती आली की तीही क्रमांक देऊन मूळ खंडाच्या मागे लावी. लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिलेल्या 'पॅच' या प्रोग्रॅममुळे फक्त बदललेल्या ओळी पाठवल्या तरी भागत असे. शुद्धिपत्र स्वतः उठून पुस्तकात शिरते आणि चूक दुरुस्त करते, अशी कल्पना करा. मराठी प्रकाशनव्यवहाराला हे अजून स्वप्नवत आहे.

आपल्याकडे हे काम अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या हाती लागलेल्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घुसवू नयेत अशी ताकीद दिली. नुसती पोथी सांभाळणारे तेव्हाही पुष्कळ असतील. कुठली प्रत कुणाची आणि तीत भर कुणाची, हे जबाबदारीने सांगणारा एखादाच असतो.

अशा सांभाळण्यातून काय उभे राहते याचे उदाहरण म्हणजे 'नेटहॅक'. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा भुयारातला खेळ लिहिला. पडद्यावर चित्रे नाहीत, सगळे अक्षरांतून. जे फेनलासन या शाळकरी मुलाने त्याचा कोड मागितला, मिळाला नाही, म्हणून त्याने मित्रांसोबत १९८२ मध्ये स्वतःचा 'हॅक' लिहिला. त्याचा कोड मात्र मोकळा होता. ॲम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेतल्या आंद्रिस ब्रॉवरने तो वाढवून डिसेंबर १९८४ मध्ये यूझनेटवर ठेवला. तिथून तो निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या यंत्रांवर गेला, आणि जुलै १९८७ मध्ये माइक स्टीफन्सनने या विखुरलेल्या पाठांतून एक पाठ सिद्ध करून त्याला 'नेटहॅक' नाव दिले. सोबत होता इझ्चाक मिलर, पेशाने तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. १९९४ मध्ये तो वारला. खेळातल्या भुयारात दिव्यांचे एक दुकान लागते. त्याच्या दुकानदाराचे नाव नेहमी इझ्चाक असते. २०१५ ची आवृत्ती त्या वर्षी गेलेल्या टेरी प्रॅचेट या कादंबरीकाराला अर्पण केलेली आहे. खेळ आजही खेळला जातो, कोड आजही वाचता येतो. 'रोग'चा कोड त्या दिवशी मिळाला नाही आणि 'हॅक'चा मिळाला, या दोन गोष्टींत पुढची चाळीस वर्षे आहेत.

यूझनेट टिकले तेही कुणा महामंडळामुळे नव्हे. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सरने १९८१ ते १९९१ मधले लेखन १४१ चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवले होते. २००१ मध्ये गूगलने जुने यूझनेट लोकांपुढे मांडले ते या टेपांच्या जिवावर. त्याच गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नवे यूझनेट-लेखन घेणे बंद केले. कंपनीच्या आणि प्राणिशास्त्र विभागाच्या आठवणीत एवढा फरक असायचाच. मला यूझनेटचे गोडवे गायचे नाहीत. ती बव्हंशी श्रीमंत देशांतल्या विद्यापीठांतल्या पुरुषांची बैठक होती आणि भांडखोरही होती. पण तिच्यातल्या काहींना कळले होते की कोड हा प्रसिद्ध करण्याचा मजकूर आहे, आणि प्रसिद्ध करणे म्हणजे अंगावर जबाबदारी घेणे.

आता आपल्या अंगणात या. भारतात हे जाळे आले ते १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पातून. १९८९ मध्ये मुंबईत जुहूच्या एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटशी दुवा जोडला गेला, वेग सेकंदाला ९६०० बिट. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, तशीच नोएडातली ईआर अँड डीसीआयही. सी-डॅकची नोएडातली इमारत सेक्टर ६२ मध्ये, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. याच केंद्राने राष्ट्रपती भवनातल्या ग्रंथालयाची पुस्तके स्कॅन केली. 'द्वारे द्वारे ज्ञान संपदा' नावाची गाडी काढून वाचकांच्या दारात जागेवर पुस्तके छापून दिली. सी-डॅकच्याच पुण्याच्या केंद्रात डिजिटल जतनाचे उत्कृष्टता केंद्र आहे. म्हणजे वारसा आहे, इमारत आहे, जतनाचे ज्ञानही आहे. फक्त या देशात लिहिलेला एखादा बंद पडलेला खेळ, त्याचा कोड आणि टिपा घेऊन कुणी दारात उभा राहिला, तर ते घेण्याची सोय नाही.

बंद पडलेले खेळ काही थोडेथोडके नाहीत. २००३ नंतर रिलायन्सच्या 'आर वर्ल्ड'वर आणि नोकियाच्या जावा फोनांवर जे खेळ आले, त्यांतले कितीतरी मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद आणि इथे दिल्लीच्या आसपास लिहिले गेले. मी सेक्टर ६३ मधल्या अशाच एका कार्यालयात होतो. खाली वेल्डिंगचा कारखाना, वर आम्ही चौदा जण. सुरुवातीच्या नोकियाला ६४ किलोबाइटपेक्षा मोठा खेळ चालत नसे. त्यात पतंग, मांजा, गच्ची, पाच शत्रू आणि एक गाणे बसवायचे; मग तोच खेळ १२८ बाय १२८ च्या पडद्यापासून १७६ बाय २०८ पर्यंत साठेक फोनांसाठी पुन्हा शिवायचा. एकेक बाइट वाचवण्याच्या युक्त्या आम्ही शोधल्या त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हत्या. कोडमधल्या टिपा रोमन लिपीत, पण भाषा ज्याची त्याची. माझी एक टीप होती, 'इथे हात लावू नये, सहा हजार सहाशे रुसतो.' नोकियाचा ६६०० हा फोन खरोखर रुसायचा. शेजारी एका बिहारी मित्राच्या भोजपुरीतल्या टिपा, त्याखाली मल्याळी मुलीचे उत्तर. बहुभाषिक लेखन म्हणून आपण अशा नियतकालिकांतून जे शोधतो, ते तिथे रोज चालले होते.

कंपनी २०११ मध्ये बंद झाली. सर्व्हर वजनावर भंगारात गेला. डिस्क पुसल्या होत्या, कारण करारात गोपनीयतेचे कलम होते. गोपनीयता कुणापासून राखली? तो फोन बनत नव्हता, ते दुकान नव्हते, विकत घेणारा कुणी नव्हता.

यावर मला नेहमी ऐकवले जाते की खेळ तर इंटरनेटवर सापडतात, जुन्या जावा फायलींचे ढीग पडले आहेत. ढीग आहेत, खरे. पण ती फाइल म्हणजे कोड नव्हे. जागा वाचवण्यासाठी आम्ही तो आधी चाळणीतून काढायचो. 'पतंगाची उंची', 'वाऱ्याची दिशा' ही नावे जाऊन अ, ब, क उरायचे, टिपा सगळ्या गळायच्या. त्यावरून खेळता येते, शिकता येत नाही. दुसरे उत्तर तरुणांचे: टाका की गिटहबवर! जे आपले आहे ते टाकावे, जरूर टाकावे. पण गिटहब हे मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे गोदाम आहे, आणि गूगल कोड नावाचे तसेच गोदाम २०१६ मध्ये बंद झालेले आपण पाहिले. शिवाय गोदामाला संपादक नसतो. फ्रान्समधून २०१६ पासून चालणारा सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह मला मोलाचा वाटतो, पण तो उघड्यावर असलेला कोड गोळा करतो. आमचा कोड उघड्यावर कधी आलाच नाही.

आणि मालक? त्यांना भीती वाटते की कोड दिला की धंदा गेला. 'डूम' लिहिणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला; चित्रे-आवाज स्वतःकडे ठेवले. खेळ आजही विकला जातो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा कोड जॉर्डन मेकनरला २०१२ मध्ये हरवलेल्या फ्लॉप्या सापडल्यावर मिळाला आणि त्याने तो लगेच सर्वांना दिला. कुणाचे काय बुडाले? ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशाच्या खेळांची दुकाने एकाएकी उठली. त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी नाही. पण ज्या कोडने लाखो लोकांचे पत्ते पिसले, तो पत्ते कसे पिसत होता हे तपासायचे झाले तर आज तो मागायचा कुणाकडे?

मागणी मोठी नाही. ज्या कंपनीला साहित्यकृतीचे संरक्षण हवे, तिने खेळ बाजारातून काढल्यावर त्याचा संपूर्ण कोड, टिपांसकट, सार्वजनिक संग्रहात जमा करावा. हवी तर दहा वर्षे मोहोरबंद ठेवा. त्या जतनाच्या कलमातली बिगर-डिजिटल प्रतीची अट काढून टाका. आणि संग्रहावर नुसता डेटा सेंटरचा व्यवस्थापक नेमू नका. खंड, अंक, पाठभेद यांची जाण असलेला संपादक नेमा. अशी माणसे आपल्याकडे हस्तलिखितांच्या संस्थांत आहेत, त्यांना कोड वाचायला शिकवणे अवघड नाही. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत मठांतून शतकानुशतके बंद राहिल्या, तरी पंथाने त्या नकलून ठेवल्या होत्या, म्हणून विसाव्या शतकात किल्ली मिळाल्यावर उघडायला काहीतरी होते. आमच्या मठाने पोथीही जाळली.

पूर्ण नाही जाळली, म्हणा. आमच्यातल्या एकाकडे पतंगाच्या खेळाची सीडी आहे, २००७ मध्ये जाळून घेतलेली, तेव्हा ऑफिसात बॅकअप म्हणून दोन काढल्या त्यातली एक. करारानुसार ती त्याच्याकडे असणेच गुन्हा, आणि ज्या कंपनीचा तो गुन्हा होईल ती अस्तित्वात नाही. सीडीच्या कडेला रंग उडायला लागला आहे असे तो म्हणतो. दर दिवाळीला फोन करतो आणि विचारतो की ही कुठे नेऊन द्यायची.