धार म्हणजे गुळगुळीत नव्हे!

परवा लंचला आमचा एक मित्र छातीठोकपणे म्हणाला, "साधं सुटं ब्लेड ओरबाडतं रे, त्याला धारच नसते. मी ५ पात्यांचं कार्ट्रिजच वापरतो." मानेवर पुरळ घेऊन मीही चार वर्षं हेच म्हणत होतो, म्हणून राग जरा जास्तच आला.

अहो, धार वेगळी आणि गुळगुळीतपणा वेगळा! सुटं पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाड, पण धारेचं टोक नॅनोमीटरमध्ये मोजावं लागतं. ही झाली धार. गुळगुळीतपणा येतो त्यावरच्या टेफ्लॉनच्या पातळ थरामुळे. हो, तोच आपल्या नॉनस्टिक तव्यावरचा! तो नसेल तर भन्नाट धारेचं पातंही केस ओढतं. क्रोमियम-प्लॅटिनमचे लेप असतात ते धार टिकावी म्हणून.

आणि धार टिकत का नाही? २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की स्टीलपेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केससुद्धा धारेचे टवके उडवतो.

मग ५ पाती कशाला? एका फटक्यात त्वचा पाचदा खरवडायला? वर केस त्वचेच्या खाली कापला गेला, की आतल्या आत वाढतो आणि पुरळ येतं ते वेगळंच.

त्यापेक्षा दोन मिनिटं कोमट पाणी लावा. भिजलेला केस कमी जोरात कापला जातो. आणि हात हलका ठेवा.

पाणी फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही. असो!